किनारा-निरीक्षण शिबिर: शिकवण उत्तम, व्यवस्था ढिसाळ

दांडिया बाजारातील आम्ही चौघांनी डिसेंबरमध्ये वडोदऱ्यातील एका संस्थेच्या किनारा-निरीक्षण शिबिरात नाव नोंदवले होते. रात्रभर बसने प्रवास करून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोहोचायचे, दोन दिवस नेमून दिलेला पट्टा पायी तपासायचा आणि दिसेल ते वहीत टिपायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

शिकवण्यात नाव ठेवायला जागा नाही. कासवाचा माग ओळखण्याचा धडा वाळूवरच झाला: हिरवे कासव पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय एकदम मारत चढते, म्हणून दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर उमटतात, ऑलिव्ह रिडले मात्र पाय आळीपाळीने टाकत असल्याने त्या मागेपुढे पडतात. आम्हाला सापडलेला माग पहिल्या प्रकारचा होता आणि तो मोजताना टेप धरलेल्या काकूंचा हात चक्क थरथरत होता. नोंद झाल्यावर माग पायाने पुसायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा मोजला जात नाही, ही साधी युक्ती मला फार आवडली.

व्यवस्थेबद्दल मात्र तक्रार आहे. पहिली फेरी ऐन भरतीच्या वेळी ठेवल्यामुळे ओल्या वाळूचा पट्टा पाण्याखालीच होता, नोंदीचे तक्ते केवळ इंग्रजीत होते आणि लाल उजेडाच्या दोन विजेऱ्यांपैकी एक बंदच होती. जेवण ठीक. भरतीचे वेळापत्रक आधी मागून घ्यावे आणि मगच पैसे भरावेत.