घरी बनवलेल्या स्पीकरसाठी टीपीए ३११६ बोर्ड
चार ओहमच्या घरगुती बॉक्ससाठी हा ॲम्प्लिफायर बोर्ड झकास. चिप ४.५ ते २६ व्होल्ट घेते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर चालतो. जाहिरातीतले ५० वॅट मात्र २१ व्होल्टवरचे, तेही आवाजात १० टक्के विकृती (डिस्टॉर्शन) धरून. दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र पिळू नका! इथे मायनसलाही सिग्नल असतो, ते ग्राउंड नव्हे. हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) बोटाने हलवून बघा. हलला तर थर्मल पेस्ट लावून पुन्हा बसवा. गाणी लावलेला लॅपटॉप चार्जिंगला असताना येणारी घुंऽऽ ही बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेल्याची. लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबते. ब्लूटूथवाला टाळा: बऱ्याच बोर्डांना जोडणीचा पिन (पासवर्ड) नसतो, शेजारचा बंड्याही गाणी लावेल. साधा ऑक्सवाला (वायरने जोडायचा) घ्या.