ईएसआय बरं की कंपनीचं मेडिक्लेम?

ईएसआय, म्हणजे सरकारचा कर्मचारी राज्य विमा, २१,००० पगारापर्यंतच. त्यामुळं कुपवाड एमआयडीसीत पगार त्या काठावर आला की हा प्रश्न येतोच. एक कंपनी थोडा कमी पगार देते, पण ईएसआय चालू. दुसरी हजार-दीड हजार जास्त देते, मग ईएसआय बंद आणि बदल्यात ग्रुप मेडिक्लेम. मी दोन्हीकडं काम केलंय.

उपचारांच्या सोयीत मेडिक्लेम पुढं, हे मान्यच. मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही. कार्ड दाखवलं की काम होतं. ईएसआयला आधी डिस्पेन्सरीची रांग, मग रेफरची चिठ्ठी, कधी थेट कोल्हापूर. वर ‘औषध संपलंय, परवा या’.

तरी माझं मन मेडिक्लेमवरून उडालं ते रिन्यूअलच्या एका ईमेलमुळं. कंपनीनं त्या वर्षी आई-वडिलांना कव्हरमधून काढलं. वडिलांची अँजिओप्लास्टी ठरत आली होती. एचआर म्हणाले, ‘पॉलिसी कंपनीची आहे.’ खोटं नव्हतं ते. करार कंपनी आणि विमेवाल्यांचा, आपण नुसते यादीत. प्रीमियम वाढला की कुणाला गाळायचं ते साहेब ठरवणार. स्वतंत्र पॉलिसीची चौकशी केली, तर वडिलांच्या वयाचा प्रीमियम ऐकून पगारातला तो जास्तीचा हजार कुठल्या कुठं गेला.

ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आई-वडील कायद्यानंच येतात (त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे, ती बघा). वर्गणी पगाराच्या आपली ०.७५ टक्के, मालकाची ३.२५. मालकानं वर्गणी थकवली तरी ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. मशीनवर हात सापडला तर ९० टक्के. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतं, पण त्या महिन्याचा किराणा आपणच बघायचा.

एकटा, धडधाकट माणूस असेल तर मेडिक्लेम घ्यावं, माझी ना नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर मी तरी पाचशे-हजारासाठी ईएसआय सोडणार नाही.

ऑफर लेटर घेताना २१,००० कशावर मोजतात ते विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आल्यावर वेतनाची व्याख्या बदललीय. आणि वाढ कधीपासून, तेही विचारा. १ एप्रिलपासून मर्यादेच्या वर गेलात तर लगेच बाहेर. मे महिन्यात गेलात तर ती वर्गणीची सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, ईएसआय चालू राहतं.