वाळवीचे फोटो

आमच्या घराचे बासष्ट सागवानी वासे गेले. त्यांना वाळवी लागलीय असं ठेकेदारानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून सांगितलं आणि डोंबिवलीत बसून आम्ही ते खरं मानलं. गावचं घर उन्हाळ्यात दुरुस्तीला काढणाऱ्या प्रत्येक चाकरमान्यानं हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

घर कणकवली तालुक्यात, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, आतून मातीचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. सासूबाई तिथं एकट्या राहतात. दर एप्रिलला कौलं चाळायची, फुटकी बदलायची, एवढंच काम असायचं. २०२५ च्या उन्हाळ्यात ठरवलं की एकदाच सगळं नीट करून घेऊ. छप्पर, मागच्या पडवीची फरशी, आणि मागच्या एकरभर जागेत दहा-दहा मीटरवर हापूसची चाळीस कलमं.

ठेकेदार शेजारच्या गावातला, जत्रेत भेटणारा, सासूबाईंना ‘काकी’ म्हणणारा. त्यानं चार लाख साठ हजारांचा आकडा सांगितला, तोही वहीच्या एका पानावर. त्यात किती घनफूट लाकूड, कुठलं लाकूड, काही नव्हतं. आणि तो म्हणाला, “धुळीचा काकींना त्रास होईल, तुम्ही त्यांना घेऊन जा. मी आहे ना.” आम्हाला ती काळजी वाटली. सासूबाईंना आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीला आणलं आणि घरावर नजर ठेवायला आमचं असं कुणीच उरलं नाही.

चार दिवसांनी फोटो आले, अकरा. पोखरलेलं लाकूड, आत माती, बोट घातलं तर आरपार जाईल असं. खाली त्याचा निरोप: सगळे वासे बदलावे लागतील, औषध मारलंय, कुणाला हात लावू देऊ नका, जुनं लाकूड मी लांब नेऊन जाळतो. माझे यजमान घाबरून गेले. त्याच संध्याकाळी दीड लाख पाठवले.

ते फोटो मी नंतर, पावसाळ्यात, मोठे करून पाहिले. तीन फोटोंत एकच वासा होता, एकच गाठ तीन बाजूंनी टिपलेली. आणि आणखी एका फोटोत कौलांखालून विजेची पट्टी गेलेली दिसत होती. आमच्या माळ्यावर वायर कधीच नव्हती. तो वासा कुणाच्या घरातला होता, देव जाणे.

त्या वेळी आम्हाला एवढं जरी ठाऊक असतं तरी वाचलो असतो. वाळवी सहसा जमिनीतून येते आणि भिंतीवरून मातीच्या नळ्या करत वर चढते. आमच्या भिंतींवर एकही नळी नव्हती, सासूबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. शिवाय जुन्या सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही. कुणी वाळवी म्हटलं तर भिंतीवरची नळी दाखव म्हणावं. वाशाला हातोडीनं ठोकून आवाज ऐकावा, जाड टोच्यानं टोचून पाहावं, आणि हे काम घरच्या माणसानं किंवा दुसऱ्या सुतारानं करावं. ज्याला लाकूड बदलायचे पैसे मिळणार आहेत त्यानं नव्हे.

‘जाळलेलं’ लाकूड आमच्या शेजारच्या आबांना ऑगस्टमध्ये दिसलं, बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका वखारीत. जुने सुतार वाशांवर पटाशीनं खाचा करून ठेवत, कुठला वासा कुठं बसायचा ते कळावं म्हणून. आबांनी तरुणपणी आमच्या छपरावर काम केलेलं, त्यांना त्या खाचा पाठ. आठ वासे त्यांनी तिथल्या तिथे ओळखले. बाकीचे विकले गेले होते. जुन्या कौलांपैकी निदान तीनशे धड कौलंही अशीच ‘फुटली’.

मेमध्ये त्याला घाई नव्हती, कारण सगळेच मृगाचा, म्हणजे ७ जूनचा हिशेब धरून होते. पण त्या वर्षी मान्सून तळकोकणात २५ मेलाच उतरला. त्या दिवशी आमचं अर्धं छप्पर उघडं होतं. माजघराच्या भिंतीचा गिलावा सुटून खाली आला. ठेकेदाराचा फोन आला, “आत्ताच्या आत्ता ऐंशी हजार टाका, नाहीतर भिंत बसेल, मग मला बोलू नका.” आम्ही टाकले. एकूण तीन लाख नव्वद हजार गेले, चार हप्त्यांत, दर वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यावर. कौलं कशीबशी चढली, माथ्यावरची कोन्याची कौलं चुन्यात बसवायची राहिली, आणि जूनच्या मध्यापासून त्यानं फोन उचलणं बंद केलं.

नवे वासे तपकिरी ऑइलपेंट मारून आले होते. सागवान आहे, रंगानं टिकतं, असं त्यानं सांगितलेलं. दिवाळीला गेलो तर ओटीवर पिवळसर भुगा पडलेला. दुसऱ्या सुतारानं रंग खरवडून दाखवला: रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचं लाकूड, तेही ओलं असतानाच चिरलेलं. सुकताना वासे वाकले, कौलांखालच्या रिपा वर-खाली झाल्या आणि कौलं सरकली. रंगवलेलं लाकूड कधीही घेऊ नका. कोरं आणू द्या, घरी बघा, मोजा, मग रंगवा.

आता कलमांचं. ती त्याच्याच ओळखीच्या नर्सरीतून आली, संध्याकाळी अंधार पडता पडता, टेम्पोतून. १८० रुपयांना एक. पिशव्यांवर ‘हापूस’ लिहिलेल्या चिठ्ठ्या, बिल नाही, परवाना क्रमांक नाही. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे, परवान्याशिवाय कलमं विकता येत नाहीत, हे मला पुढं कळलं. टेम्पोवाल्यानं बजावून सांगितलं होतं, “जोडावरची प्लास्टिकची पट्टी वर्षभर सोडायची नाही, नाहीतर कलम मरेल.” सासूबाईंनी ते मनोभावे पाळलं. फेब्रुवारीत आबा सहज बागेत आले, एका रोपाची पट्टी त्यांनी सोडली आणि मला हाक मारली.

“वयनी, ह्यां कलम न्हय गो. ह्यो नुसतो खुंट.”

पट्टीच्या आत जोडच नव्हता. सालीवर चाकूची एक तिरकी रेघ, बस्स. खुंट म्हणजे कोयीतून उगवलेलं रायवळ रोप, त्याला कलमासारखी पट्टी गुंडाळलेली. चाळीसांत सत्तावीस अशी निघाली. खऱ्या कलमाला खोडावर तिरका जोड दिसतो, वरची आणि खालची साल वेगळी असते, जाडीतही थोडा फरक असतो. आणि जोड एकजीव झाला की पट्टी काढायचीच असते, नाहीतर ती खोडात रुतून कलम आवळतं. म्हणजे वर्षभर सोडू नका हा सल्ला होता तो आम्ही आत बघू नये म्हणून. वाशांना हात लावू नका, पट्टी सोडू नका. दोन्ही वेळा आम्ही ऐकलं, हेच मला रात्री झोपू देत नाही.

पोलीस ठाण्यात लेखी करार नाही म्हणून ही दिवाणी बाब ठरवली. मग आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. आमचे पुरावे म्हणजे ते अकरा फोटो, पैसे पाठवल्याच्या चार नोंदी आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप. ‘जाळतो’ हा त्याचा शब्दही त्यात आहे. तेव्हा काहीही डिलीट करू नका. काम सुरू होण्याआधी माळ्यावर जाऊन एकेक वासा मोजून व्हिडिओ काढा, आणि काढलेलं लाकूड, कौलं, दारं खळ्यातच रचून ठेवायला सांगा. ते भंगार नाही. ते तुमचं आहे, आणि विकायचं असेल तर तुम्ही विका.

निकाल अजून लागायचा आहे. खरी निघालेली तेरा कलमं होती, त्यातली नऊ जगली आहेत. सत्तावीस खुंट उपटून टाकू म्हणाले माझे यजमान, पण आबांनी हात धरला. मुळं धरलेली आहेत, जागेवरच कलम बांधता येतं, म्हणाले. पाऊस स्थिरावला की ते बांधणार आहेत. काड्या आमच्या विहिरीजवळच्या जुन्या हापूसच्या. कापायच्या आधी आठ-दहा दिवस त्यांवरची पानं काढून ठेवावी लागतात, ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे.