कॉंग क्लासिक: आठ महिन्यांच्या चावऱ्या कुत्र्यासाठी

संध्याकाळी सात वाजले की पायजम्याला लोंबकळणारा, बाहीला हिसडे देणारा, ‘सोड’ म्हटलं की जास्तच घट्ट धरणारा आठ-दहा महिन्यांचा लॅब्रॅडॉर. या वयात त्याचे दुधाचे दात पडून पक्के ४२ दात आलेले असतात, त्यामुळे दात शिवशिवतात म्हणून चावतो हे कारण आता चालत नाही. बहुतेकदा झोप अपुरी असते, अंगात येतं, आणि चावलं की माणूस ओरडतो, हात झटकतो, म्हणजे खेळ रंगतो, हे त्याला पाठ झालेलं असतं. अशा कुत्र्यासाठी कॉंग क्लासिक हे चावायचं खेळणं घ्यावं का? घ्यावं. पण ते कधी द्यायचं, यावर सगळं ठरतं.

लाल रबराचं, आतून पोकळ, तीन गोळे एकावर एक रचल्यासारखं हे खेळणं. कोलोराडोच्या जो मार्कहॅम यांच्या जर्मन शेफर्डला दगड चावायची खोड होती. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी भाग त्याला भारी आवडला आणि त्यावरून १९७०च्या दशकात हा आकार आला. पिल्लांचं गुलाबी-निळं कॉंग मऊ असतं, पक्क्या दातांपुढे ते टिकत नाही. साधारण १३ ते ३० किलोच्या कुत्र्याला लाल, ‘एल’ मापाचं घ्या. रबराचे लचके तोडणाऱ्याला त्याहून कडक, काळं. दोन मापांत घुटमळत असाल तर मोठंच बरं, लहान असेल तर ते घशात अडकू शकतं.

भरण्यात खरी गंमत आहे. रोजच्या जेवणातलंच मूठभर डॉग फूड कोमट पाण्यात फुगू द्या, त्यात उकडलेला लाल भोपळा आणि दोन चमचे साधं दही कालवा. खालचं छोटं भोक आधी पीनट बटरने बुजवा. ते झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नसलेलंच हवं, झायलिटॉल कुत्र्याला विषारी आहे. कांदा, द्राक्षं, बेदाणे अजिबात नकोत. मिश्रण ठासून न भरता सैलसर भरा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवून दिलं तर नवखा कुत्रा दोन मिनिटांत नाद सोडतो. आधी दोन-चार दिवस न गोठवता द्या.

आता वेळ. तो चावल्यावर घाईघाईने कॉंग पुढे करणं ही सर्रास होणारी चूक. चावलं की खाऊ येतो, एवढंच तो शिकतो. त्याची धुमाकुळाची वेळ सातची असेल तर पावणेसातला, तो शांत असताना, त्याच्या गादीवर द्या. चाटत चाटत तो निवतो आणि पुष्कळदा तिथेच डोळे मिटतो. तरीही चावलाच, तर न बोलता उठा, दाराआड अर्धा मिनिट थांबा, मग परत या. घरातल्या प्रत्येकाने हेच करायला हवं. सुरुवातीला चावणं वाढल्यासारखं वाटेल, कारण जुना डाव का चालेना म्हणून तो जोर लावून बघतो. तिथे ढिले पडू नका. मारणं, तोंड दाबून धरणं नकोच, त्याने भीती वाढते आणि भ्यालेला कुत्रा खरोखर चावतो.

खोट सांगायची तर धुणं कटकटीचं. आतल्या खाचेत दही सुकून बसतं, बाटलीच्या ब्रशशिवाय निघत नाही, आणि आपल्याकडे तासाभरात मुंग्यांची रांग लागते. फरशीवर पाघळतंही, खाली जुनी चादर घाला.

कॉंगवर बसून गुरगुरत असेल तर हिसकावून घेऊ नका. दोन पावलांवर उकडलेल्या चिकनचे तुकडे टाका, तो उठून तिकडे गेला की मग उचला. गुरगुरणं रोजचं झालं किंवा शांत कुत्रा अचानक चावू लागला, तर आधी व्हेटकडून कान, दात, सांधे तपासून घ्या. रबराला चीर गेली की खेळणं टाकून द्या, गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो.