एकच कादंबरी वाचायची असेल तर? पावसाळ्यात वाचलेल्या अकरा कादंबऱ्या, जोडीजोडीनं

माझ्या मावसबहिणीची मुलगी बंगळुरूला नोकरी करते. शाळेत असताना वाचनालयातून आणलेलं पुस्तक घरी पोचेपर्यंत अर्धं संपवणारी ही पोर, पण गेल्या सात-आठ वर्षांत तिनं एकही मराठी कादंबरी पूर्ण केलेली नाही. परवा तिचा फोन आला. "मावशी, दिवाळीला येतेय. एकच कादंबरी वाचायची ठरवलीय, पण ती शेवटपर्यंत गेली पाहिजे. कुठली घेऊ?"

जूनपासून मी अकरा कादंबऱ्या वाचल्या होत्या, काही पहिल्यांदा, काही तिसऱ्यांदा. तरी मला उत्तर सुचेना. ऐतिहासिक आवडेल की सामाजिक, असं विचारलं तर ती म्हणाली, "वाचल्याशिवाय कसं सांगू?" बरोबरच होतं तिचं. म्हणून मी पुस्तकं टेबलावर काढली आणि एकाच विषयाच्या दोन-दोन शेजारी ठेवल्या. तेव्हा जाणवलं की विषय सारखा असूनही एक कादंबरी आपल्याला धरून ठेवते आणि दुसरी हातातून सुटते, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा सांगणारा माणूस असतो. कोण बोलतंय, कुठे उभं राहून बोलतंय, कोणाशी बोलतंय. पुढे जे लिहिलंय ते या एकाच प्रश्नाच्या आधारानं.

गावापासून सुरुवात करते, कारण माझा जीव तिथे आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955ची, आनंद यादवांची 'गोतावळा' 1971ची. 'बनगरवाडी'त औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वस्तीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो. शाळेत मुलं नाहीत, वाडीला शाळेची गरज वाटत नाही, आणि मास्तरला स्वतःची भीती वाटते. तो बाहेरचा आहे, म्हणून वाचकही त्याच्या पावलांनी वाडीत शिरतो: आधी माळ, मग कुत्री, मग मेंढरं, मग कारभारी. माडगूळकरांची वाक्यं आखूड आहेत आणि कुठेही गळा काढत नाहीत. शेकूकडे एकच बैल आहे, तेव्हा जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते. लेखक त्यावर टिप्पणी करत नाही. ते दृश्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसले होते. माझे आजोबा एकशिक्षकी शाळेत होते. गावकीचे कागद लिहिणं, भांडणं ऐकून घेणं, कोणाचं पत्र वाचून दाखवणं हेच मास्तरचं निम्मं काम असायचं, असं ते सांगायचे. 'बनगरवाडी'त ते सगळं जसंच्या तसं आहे.

'गोतावळा'त बाहेरचा माणूसच नाही. नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला ना आई ना बाप, ना लग्न. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हेच त्याचं नातलग. तो बोलतो कोल्हापूरकडच्या बोलीत, आणि कादंबरी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत त्याच बोलीत आहे, नुसते संवाद नव्हे. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर दाव्यावरून सुटून जायला लागतं. यंत्र आल्यावर शेती कशी बदलली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण रिकाम्या गोठ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटतं हे मला नारबानं सांगितलं.

बोलीचा अडसर खरा आहे. पहिली वीस-पंचवीस पानं शहरी वाचकाला अडखळायला होतं. त्यावर मला सापडलेला उपाय सांगते. माझी आई कागल भागातली आहे, वय अठ्ठ्याहत्तर, डोळे अधू. मी तिला रोज रात्री जेवणानंतर दहा-बारा पानं मोठ्यानं वाचून दाखवली. मी चुकीचा हेल काढला की ती दुरुस्त करायची. तिसऱ्या दिवशी मला शब्दांचे अर्थ विचारावे लागेनात, कारण कानाला वळण पडलं होतं. एक बैल विकला जातो त्या रात्री आई म्हणाली, "आज एवढंच पुरे." तेव्हा निवड अशी करा: एका रविवारात संपणारं, स्वच्छ प्रमाण मराठीत वाहणारं पुस्तक हवं असेल तर 'बनगरवाडी'. आठवडाभर वेळ असेल आणि मोठ्यानं वाचायला घरात कोणी असेल तर 'गोतावळा'. माझ्या मते दोघींत श्रेष्ठ 'गोतावळा', पण सुरुवात करायला सोपी 'बनगरवाडी'.

महाभारताच्या दोन कादंबऱ्या मराठी घरात न मागताही पोचतात. वि. स. खांडेकरांची 'ययाति' 1959ची, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967ची. दोन्हींत पात्रं स्वतः बोलतात. 'मृत्युंजय'चे नऊ भाग आहेत. त्यातले चार कर्णाचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण यांचे. सोळाव्या वर्षी मी ती चार दिवसांत संपवली होती आणि कर्णासाठी रडले होते. या जुलैमध्ये पुन्हा वाचली तेव्हा चंपानगरीचं बालपण तितकंच आवडलं, पण एक गोष्ट खटकली. दुर्योधन, वृषाली आणि शोण ही तीन अगदी वेगळी माणसं, तरी तिघांची भाषा एकच, तशीच अलंकारिक, तशीच उपमांनी भरलेली. सांगणारे बदलले तरी आवाज बदलत नाही, आणि प्रत्येक आवाज कर्णाचं थोरपणच सांगतो.

'ययाति'त सांगणारे तीनच: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. खांडेकरांचा सुभाषितांचा सोस मला अनेकदा थांबवतो. पानापानावर कोणी ना कोणी जीवनाविषयी काहीतरी म्हणतंच. पण इथे तीन माणसं खरोखर तीन ठिकाणी उभी आहेत. देवयानीचा अहंकार तिच्याच तोंडून ऐकताना तिचा राग येतो आणि तिची कीवही येते. शर्मिष्ठा बोलायला लागली की सुभाषितं मागे पडतात. मराठीला पहिलं ज्ञानपीठ याच कादंबरीमुळे आलं, 1974 सालचं. पंचविशीच्या आतल्या वाचकाला मी 'मृत्युंजय' देईन, कारण त्या वयात अन्यायाची चीड जशी पेटते तशी पुढे पेटत नाही. चाळिशी ओलांडलेल्याला 'ययाति'. मुलाकडे तारुण्य मागणारा बाप कळायला थोडं आयुष्य मागे पडलेलं असावं लागतं.

इतिहासाच्या जोडीत माझं मत ठाम आहे. विश्वास पाटलांची 'पानिपत' (1988) ही मोठ्या पटाची कादंबरी आहे. लेखक उंचावरून सगळं पाहतो: सदाशिवरावभाऊंची छावणी, अब्दालीचे डाव, पत्रं, रसदीचे हिशेब, लढणाऱ्यांबरोबर निघालेले यात्रेकरू आणि बायकामुलं. मला लढाईपेक्षा तिच्या आधीचे दोन-अडीच महिने भिडले. रसद तुटलेली, थंडी वाढत चाललेली, आणि लाखभर तोंडं. 14 जानेवारी 1761 हा दिवस कसा संपणार हे माहीत असूनही पानं उलटत राहतात. भाऊंकडे नुसता हट्टी सेनापती म्हणून पाहायची सवय लागलेल्या वाचकाला ही कादंबरी दुसरा माणूस दाखवते.

नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (1997) याच शतकातली, पण सांगणारा जमिनीवरचा आहे. अंताजी पेशवा नाही, सरदारही नाही. नोकरी, पोट आणि जीव सांभाळत जगणारा हुशार माणूस. त्याच्याबरोबर आपण नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांत जातो. शाळेत ही गोष्ट आम्ही एका ओळीत शिकलो होतो: मराठी सत्तेचा पूर्वेकडे विस्तार. 1744 साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीला बोलावून मारलं, हे आम्हाला दगा म्हणून शिकवलं होतं, आणि तो दगा होताच. पण त्याआधी बंगालच्या गावांत काय घडत होतं ते कोणी सांगितलं नव्हतं. 'बारगीर' म्हणजे मराठी फौजेतला घोडेस्वार, त्याचं बंगालीत 'बर्गी' झालं आणि बाळ झोपलं, बर्गी देशात आले, आता सारा कसा भरू, अशी अंगाई तिकडे रुजली. ती आजही म्हटली जाते. 'अंताजी' वाचल्यावर ही अंगाई मला आमच्याच घरातल्या जुन्या कागदासारखी वाटायला लागली. आपल्या माणसांनी केलेली लूट आपल्याच भाषेत, आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकणं फार अवघड जातं आणि ते व्हायलाच हवं होतं. इतिहासाच्या कादंबऱ्यांत एकच वाचणार असाल तर हीच घ्या. 'पानिपत' आवडतेच, पण ती आपल्याला जे दुःख आधीपासून माहीत आहे ते अधिक खोल करते. 'अंताजी' आपल्याला माहीत नसलेलं दुःख दाखवते.

विज्ञानाच्या वाटेनं जायचं असेल तर जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' आणि पुन्हा नंदा खरेच, 'उद्या'. नारळीकरांकडे खोल खणताना एक जुनी पेटी सापडते. ती एका लोपलेल्या संस्कृतीची, आणि तिच्यातल्या ज्ञानातून शेवटी वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. मांडणी सरळ, गोष्ट वेगवान, पात्रं थोडी सपाट. आठवी-नववीतल्या मुलाला निर्धास्त द्यावी. 'उद्या' मुलांसाठी नाही. माणसाच्या हालचालींवर सतत नजर ठेवणारं, कंपन्यांच्या मुठीतलं जवळचं भविष्य तिच्यात आहे. ती सलग कथा सांगत नाही, अनेक माणसांचे तुकडे समोर ठेवते. साहित्य अकादमीचा 2020चा पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो घेतला नाही. मला ती वाचायला जड गेली, आणि दोन महिन्यांनंतरही तिच्यातले प्रसंग डोक्यातून गेलेले नाहीत.

नारायण धारपांची 'लुचाई' जोडीशिवाय राहिली. मुळात स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे, पण वाडा, गाव आणि अंधार पुरते मराठी झालेत. भीती हवी असेल तर दुसरा पर्याय शोधू नका आणि रात्रीच वाचा.

राहिली प्रेमाची जोडी. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939ची, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' 2006ची. मध्ये सदुसष्ट वर्षं आहेत, पण दोन्ही लहान, आणि दोन्हींत ज्याच्यावर प्रेम केलं ते माणूस हातात राहत नाही.

'कोबाल्ट ब्लू'त पुण्यातल्या एका घरी पेइंग गेस्ट राहायला येतो आणि घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. पुस्तकाचे दोन भाग, पहिला तनयचा, दुसरा अनुजाचा. तनय त्या निघून गेलेल्या माणसाशीच बोलतो, 'तू' म्हणून. अनुजाची गोष्ट तिच्या नोंदींतून येते. त्या माणसाला कादंबरीभर नाव नाही. एकच माणूस दोघांना किती वेगळा दिसला हे शेजारी ठेवलं की घराचंही चित्र बदलतं. तनयचं दुःख घरात कोणाला कळतच नाही, कारण त्याच्या प्रेमाला त्या घरात शब्दच नाही. अनुजाचं दुःख सगळ्यांना दिसतं आणि सगळे ते दुरुस्त करायला धावतात. विशीत लिहिलेली कादंबरी आहे. क्वचित तिचं वय दिसतं, पण तिचा खरेपणा त्याहून जास्त दिसतो.

'रणांगण' सगळी बोटीवर घडते. युरोपातून मुंबईकडे येणारी आगबोट, तिच्यात जर्मनीतून हाकललेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. सांगतो चक्रधर, प्रेमात एकदा पोळलेला, बायकांवरचा विश्वास उडालेला तरुण. तो मुंबईला उतरणार आहे. हॅर्टाला मुंबईला उतरता येणार नाही, बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाणार. एवढंच. प्रवासाचे दिवस मोजलेले आहेत आणि ते दोघांनाही माहीत आहेत. महायुद्ध पेटलं त्याच साली मराठीत कोणीतरी हे लिहून ठेवलं, याचं मला दर वाचनात नव्यानं आश्चर्य वाटतं. चक्रधर चांगला माणूस नाही. आपला कोरडेपणा तो लपवत नाही, आणि म्हणूनच तो जेव्हा कोसळतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. निर्वासितांच्या बोटी कुठल्याच बंदराला नको असतात, या बातम्या आजही वाचतो आपण. हॅर्टाला ओळखल्यावर त्या वेगळ्या वाचल्या जातात.

मी या अकरांतून 'रणांगण' निवडली. लहान आहे, भाषा आजही ताजी आहे, आणि सात-आठ वर्षं मराठी कादंबरी न वाचलेल्या मुलीला ती मधेच सोडता येणार नाही याची मला खात्री होती. तिला मी तेच कळवलं. ती म्हणाली, "ट्रेनमध्ये होईल?" मी म्हटलं, होईल, पण शेवटची तीस पानं घरी येऊन वाच.

ती वसुबारसेला सकाळी आली. पुस्तक पिशवीत होतं, शेवटची पानं शिल्लक ठेवलेली. जेवणं झाल्यावर ती माडीवर जाऊन बसली आणि तासाभरानं खाली आली तेव्हा कोणाशीच बोलली नाही. रात्री तिनं आपणहून 'गोतावळा' उचलली आणि आजीच्या खाटेवर पायाशी बसली. पहिल्याच ओळीत तिचा हेल चुकला, आणि आईनं तो दुरुस्त केला.