हॅझ्लिट वाचायचे तर: छापील सदर की त्यांची कागदपत्रं?

अमेरिकन अर्थपत्रकार हेन्री हॅझ्लिट यांचा नीट अभ्यास करायचा म्हटलं की पहिल्याच आठवड्यात दोन वाटा समोर येतात. एकीकडे ‘न्यूजवीक’मधल्या त्यांच्या वीस वर्षांच्या सदराचं ‘बिझनेस टाइड्स’ हे जाडजूड संकलन, मीझेस इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये काढलेलं. दुसरीकडे त्यांची जपून ठेवलेली कागदपत्रं. त्यात पत्रव्यवहार, कात्रणं, टंकलिखितं असं सगळं आहे आणि त्याची स्कॅन केलेली पानं आता घरबसल्या उघडता येतात. नोकरी सांभाळून वाचणाऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाहीत. त्यांचं ‘इकॉनॉमिक्स इन वन लेसन’ हे पुस्तक तुमचं वाचून झालं आहे आणि आता पुढे जायचं आहे, असं धरून लिहितो.

मी दोन्ही वाटा चाललो. आधी कागदपत्रं, अख्खा एक पावसाळा. मग सदर, जवळजवळ वर्षभर. माझा हेतू मर्यादित होता. एका जिल्हा दैनिकात मी अकरा वर्षं पैशापाण्याचं सदर लिहितो आहे. हॅझ्लिट यांनी विधवा आईला हातभार लावायला न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज अर्धवट सोडलं, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लघुलेखक म्हणून नोकरी धरली आणि पुढे आयुष्यभर सामान्य वाचकाला अर्थशास्त्र समजावलं. हे त्यांना कसं जमलं, ते मला शिकायचं होतं. तुमचा हेतू वेगळा असेल तर माझा कल त्या बेताने घ्या.

निवड करावीच लागते, कारण पसारा अफाट आहे. १९६४ मध्ये सत्तरीच्या समारंभात त्यांनी स्वतःच हिशेब मांडला होता: अग्रलेख, लेख आणि सदरं मिळून सुमारे दहा हजार, शब्द सुमारे एक कोटी, म्हणजे मध्यम आकाराची दीडशे पुस्तकं. त्यानंतरही ते जवळजवळ तीस वर्षं जगले आणि बराच काळ लिहीत राहिले. तेव्हा ‘सगळं वाचून टाकू’ हा विचार सोडून द्यावा.

सदरापासून सुरुवात करतो. सप्टेंबर १९४६ ते सप्टेंबर १९६६, दर आठवड्याला जेमतेम एक पान. रोज रात्री तीन, हा माझा वेग. पहिले दोन महिने मजेत गेले. १९५० च्या दशकात शिरल्यावर मात्र थकवा आला. पुन्हा चलनवाढ, पुन्हा किमतींवरचं नियंत्रण, पुन्हा परदेशी मदत, पुन्हा सोनं. एकच माणूस तेच पुन्हा का सांगतो, असं वाटायला लागलं. मग एका रात्री पाच वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन लेख शेजारी उघडून ठेवले आणि फरक दिसला. मुद्दा तोच होता, शिरकाव नवा होता. त्या आठवड्याची बातमी वेगळी, म्हणून उदाहरण वेगळं, म्हणून पहिला परिच्छेद वेगळा. वाचक दर आठवड्याला नव्याने येतो, मागचं विसरून येतो. तेच सांगणं हा या धंद्याचा भागच आहे, आणि ते शिळं न होऊ देणं हे कसब. हे मला एखाद्या पाठ्यपुस्तकाने शिकवलं नसतं.

त्यांच्या लेखाची बांधणी तीन पायऱ्यांची असते. आधी बातमी. मग त्या बातमीवर चार शहाणी माणसं सहज बोलतील ते मत. आणि मग त्या मतात ज्याचा हिशेबच धरलेला नाही तो माणूस. ही शेवटची पायरी फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तियाची, १८५० ची, आणि हॅझ्लिट यांनी हे ऋण कधी लपवलं नाही. पण बास्तियाने ती एका पुस्तिकेत मांडली. हॅझ्लिट यांनी ती वीस वर्षं, दर आठवड्याच्या मुदतीला, ताज्या बातमीवर लावून दाखवली.

भाडेनियंत्रणाचंच घ्या. ‘वन लेसन’च्या पुढच्या आवृत्तीत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईच्या माणसाला ते अमेरिकेचं वाटतच नाही. माझ्या मामांची खोली गिरगावात होती. लाकडी जिन्याला खालून बल्ल्यांचे टेकू, तिसऱ्या पायरीवर पाय जपून ठेवायचा हे आम्हा भाचरांना पाठ, आणि भाडं इतकं की मामा ते दिवाळीला वर्षाचं एकदम देऊन टाकत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून मामी त्याला शिव्या घालायच्या. मालकाला त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नव्हती हे मला चाळिशीत, हॅझ्लिट वाचताना कळलं. मामींचा राग खोटा नव्हता, फक्त त्याचा पत्ता चुकला होता. इथे मी हॅझ्लिट यांच्याइतका ठाम नाही, हेही सांगतो. मामांच्या पगारात खुल्या भाड्याची खोली गिरगावात मिळाली नसती, आणि त्या खोलीनेच त्यांची दोन मुलं शिकवली. पण वाद घालायला सुद्धा समोर पूर्ण मांडलेला युक्तिवाद लागतो. छापील सदरात तो मिळतो.

आता कागदपत्रं. त्यांची ओढ मी नाकारत नाही. छापलेलं वाक्य सगळ्यांसाठी असतं, पत्र एकासाठी. पत्राच्या मथळ्यावरचा पत्ता बदलला की नोकरी बदलली हे कळतं, सही आखडली की संबंध कसे आहेत ते कळतं. आणि सदरात जे सापडूच शकत नाही असं एक मोठं दालन या बाजूला आहे: १९४६ च्या आधीचा काळ.

१९३४ पासून बारा वर्षं हॅझ्लिट ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे आर्थिक अग्रलेख लिहीत होते. अग्रलेखाला नाव नसतं. जुलै १९४४ मध्ये युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवायला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देशांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा या व्यवस्थेतून जगभर चलनवाढ होईल असं ते निनावी स्तंभांतून बजावत होते. करार झाल्यावर वृत्तपत्राच्या मालकांना तो विरोध पुढे रेटायचा नव्हता. त्या मतभेदातून शेवटी त्यांनी ‘टाइम्स’ सोडला आणि ‘न्यूजवीक’ धरला. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी झुंज त्यांनी नावाशिवाय दिली. वर्तमानपत्राचं जुनं पान उघडून बसलात तरी यातला कोणता अग्रलेख त्यांचा हे ते पान सांगत नाही. मी कागदपत्रांकडे वळलो तो मुख्यतः यासाठी. पुढे कळलं की ब्रेटन वुड्सचे अग्रलेख त्यांनी स्वतःच निवडून १९८४ मध्ये ‘फ्रॉम ब्रेटन वुड्स टू वर्ल्ड इन्फ्लेशन’ या छोट्या पुस्तकात छापले होते. वयाच्या नव्वदीत, चाळीस वर्षांपूर्वीचे निनावी लेख आपले म्हणून पुढे ठेवले. ते पुस्तक हातात आलं आणि कागदपत्रांचं एक मोठं आकर्षण माझ्यापुरतं कमी झालं.

उरला पत्रव्यवहार. तिथेच माझा निर्णय झाला.

सुरुवातीला मी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने रेघ मारली. डावा रकाना आलेल्या पत्राला, उजवा हॅझ्लिट यांच्या उत्तराला. जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायचं, पान मोठं करून वाचायचं, डावीकडे टिपण काढायचं. महिनाभराने वही चाळली तर डावी बाजू गच्च भरलेली आणि उजवी बहुतेक कोरी. ‘तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला नाही’ अशा धर्तीचं वाक्य आलं की मी थबकायचो. कोणता मुद्दा? तो ज्या पत्रात होता ते पत्र टपालात पडून केव्हाच गेलेलं.

दोष कोणाचाच नाही. पत्रव्यवहाराची जातच तशी. आपल्याकडे राहतात ती आलेली पत्रं. आपण लिहिलेली दुसऱ्याच्या घरी जाऊन पडतात. कार्बन कॉपी ठेवली असेल तर नशीब, आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची कॉपी कोण ठेवतो? मग समोरच्याची कागदपत्रं शोधा. अर्थशास्त्रज्ञ हायेक यांची स्टॅनफर्डला हूव्हर इन्स्टिट्यूशनमध्ये. पत्रकार मेंकेन, ज्यांनी ‘अमेरिकन मर्क्युरी’ मासिकाचं संपादकपद सोडताना हॅझ्लिट यांचं नाव पुढे केलं, त्यांची बाल्टिमोर आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत वाटली गेलेली. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ मीझेस यांची तर आणखी दूरची कथा. त्यांच्या व्हिएन्नातल्या घरातले कागद १९३८ मध्ये नाझींनी उचलून नेले, युद्धानंतर ते सोव्हिएत हाती लागले आणि १९९० च्या दशकात मॉस्कोच्या एका संग्रहात सापडले. एक संवाद जुळवायचा तर अर्धं जग पालथं घालावं लागणार. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत असलेल्या संशोधकाला हे आव्हान गोड वाटेल. नाशिकला बसून रात्री दीड तास वाचणाऱ्याला ते पेलत नाही.

आणि एवढं करूनही मुख्य क्षण कागदावर नसतो. हॅझ्लिट यांनी १९३८ मध्ये ‘टाइम्स’मध्ये मीझेस यांच्या ‘सोशलिझम’चं भरभरून परीक्षण लिहिलं होतं. १९४० मध्ये मीझेस निर्वासित होऊन न्यूयॉर्कला आले, आणि पुढे एके दिवशी हॅझ्लिट यांच्या घरचा फोन वाजला, पलीकडे मीझेस. आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या जॉन स्टुअर्ट मिल या थोर विचारवंताचा फोन आल्यासारखं वाटलं, असं हॅझ्लिट नंतर सांगत. दोघांची आयुष्यभराची मैत्री त्या फोनवरून सुरू झाली. टेलिफोनची कार्बन कॉपी निघत नाही. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे ती त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितली म्हणून.

असं असलं तरी कागदपत्रं कोणी घ्यावीत हे स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही चरित्र लिहीत असाल, तर दुसरा मार्गच नाही. १९४६ मध्ये फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन ही खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारी संस्था कशी उभी राहिली, १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट पेलेरिनला उदारमतवादी विचारवंतांच्या बैठकीला कोण कोणाला धरून आलं, ‘फ्रीमन’ या नियतकालिकाचे पैसे कुठून आले, अशा माणसांच्या जाळ्याचा शोध घ्यायचा असेल, तर छापील सदर तुम्हाला फारसं काही देणार नाही. तिथे अर्धा संवादसुद्धा सोन्यासारखा. फक्त सवड मोकळी ठेवा आणि एकच वर्ष किंवा एकच माणूस धरून बसा. मी सगळं धरायला गेलो.

छापील संकलनाची उणीवही आहे. लेख साप्ताहिकाच्या पानावरून उचलला की शेजारचं सगळं गळून पडतं. त्या आठवड्याच्या जाहिराती, समोरच्या पानावरची बातमी, वाचकांचा संताप, काही नाही. १९४८ चा लेख वाचताना युद्धाने खचलेल्या युरोपला अमेरिकेने मदत देण्याच्या मार्शल योजनेवरून तेव्हा वातावरण किती तापलं होतं हे आपण आपल्या मनाने भरायचं. पण ही उणीव घरी बसून भरून काढता येते, आणि मला वाटतं तराजू इथेच झुकतो.

आपल्याकडच्या लेखनालाही मी आता हाच क्रम लावतो. अर्थशास्त्रज्ञ प्रा. बी. आर. शेणॉय यांचं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवरचं १९५५ चं मतभेदाचं टिपण, मुंबईत १९५६ पासून फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझने काढलेल्या पातळ पुस्तिका, मिनू मसानींचं ‘फ्रीडम फर्स्ट’ हे नियतकालिक: आधी छापलेलं, तारखेच्या क्रमाने. प्रश्न अडला तरच कागदपत्रांची दारं ठोठवायची. नियोजनाच्या बाजूचे पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची बाजूही अशीच, छापील शब्दांतून समोर ठेवून वाचली तर दोन्हीकडची माणसं किती मनापासून भांडत होती ते दिसतं.

ती वही मी टाकली नाही. रेघ तीच आहे, रकाने बदलले. डावीकडे आता हॅझ्लिट यांच्या सदराची तारीख आणि दोन ओळींचा सारांश. उजवीकडे त्याच सुमाराची आपल्याकडची बातमी, जुन्या अंकांतून आणि ऐंशी उलटलेल्या वडिलांना विचारून. सप्टेंबर १९४९ समोर लिहिलं आहे: पौंडाचं अवमूल्यन, पाठोपाठ रुपयाचं. परवा सदराच्या शेवटच्या महिन्यांपर्यंत पोचलो. उजवीकडे लिहिलं: ‘६ जून १९६६. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर.’ वडील म्हणाले, त्या महिन्यात ते नोकरीला लागले होते, आणि पहिल्या पगारातून काय काय घेता आलं ते सांगत बसले. तेही मी तिथेच उतरून घेतलं, समासात.