दांड्या, आरएसआरपी की एसआयएनआर : रेंज तपासताना काय पाहावे?

घरात नीट रेंज मिळत नाही म्हणून दुसरे सिम घ्यावे, सिमवर चालणाऱ्या राउटरची जागा बदलावी की बाहेर अँटेना बसवावा, हे ठरवताना बहुतेक जण पडद्यावरच्या दांड्या मोजतात. एवढ्यावर निर्णय सोपवू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारेच ठरवतात. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनांवर त्या वेगवेगळ्या दिसू शकतात.

त्याहून विश्वासार्ह आकडा म्हणजे आरएसआरपी. फोर-जी टॉवरचा संदर्भ-संकेत, म्हणजे मोजणीसाठी पाठवलेला ठरावीक सिग्नल, फोनपर्यंत किती शक्तीने पोहोचतो, हे तो डीबीएम या शक्तीच्या एककात सांगतो. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ३ अंकांनी घसरला की शक्ती निम्मी होते आणि १० अंकांनी घसरला की दहावा भाग उरतो. म्हणजे -८५ आणि -१०५ यांत शंभरपट फरक आहे. साधारण -९० पर्यंत चिंता नसते, -११० च्या खाली मात्र कॉल तुटू शकतात. आरएसएसआय नावाचा आकडा यात मिसळू नये, कारण तो संपूर्ण फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातली एकूण शक्ती, गोंगाट आणि इतर टॉवरांचे सिग्नल धरून, मोजत असल्याने त्याच जागी वीस-तीस अंकांनी चांगला दिसतो.

इंटरनेटच्या वेगासाठी मात्र मी एसआयएनआरला अधिक महत्त्व देईन. हवा असलेला सिग्नल गोंगाट आणि व्यत्ययाच्या तुलनेत किती वरचढ आहे, हे तो डेसिबलमध्ये दाखवतो : २० च्या वर उत्तम, शून्याच्या खाली गोंगाटच अधिक. म्हणूनच -८० आरएसआरपी आणि २ एसआयएनआर असलेल्या जागेपेक्षा -१०५ आणि १५ असलेली जागा अधिक वेग देऊ शकते.

आरएसआरपी कमी पण एसआयएनआर बरा असेल, तर राउटर खिडकीशी किंवा उंचावर ठेवल्याने फरक पडतो. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर वाईट असेल, तर बूस्टरवर खर्च करू नये, कारण तो सिग्नलबरोबर व्यत्ययही वाढवतो. तिथे एकाच दिशेचा अँटेना किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम अधिक उपयोगी. दोन सिमांची तुलना एकाच फोनवर, त्याच जागी, दोन्ही फोर-जीवर असतानाच करावी. टॉवरवरची गर्दी या दोन आकड्यांत नीट दिसत नाही, त्यामुळे वेगाची चाचणी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीही घ्यावी.